खालनी बाजू

फोर्कलिफ्टचा डावा दात ड्रममध्ये शिरला
तेव्हा आवाज असा झालाच नाही.
कलिंगडात सुरी जाते, तेवढाच.
अवधानची एमआयडीसी, तिसरी पाळी, पावणेतीन.
एक जाडसर, तेलकट, बिनरंगी जीभ
लादीवर बाहेर आली
आणि उतार शोधू लागली.

मी सेफ्टीचा माणूस.
पुण्याला चार दिवसांचं ट्रेनिंग, फोल्डरात प्रमाणपत्र,
कॅन्टीनच्या दाराशी तक्ता, माझ्याच अक्षरातला:
थांबवा, कळवा, अडवा, शोषा.
त्या क्षणी मला आठवला
फक्त ‘अडवा’चा शेवटचा काना,
तो मी लाल रंगात काढला होता.
पाण्याची नळी जवळ होती. हात तिकडेच गेला.

“पानी नका टाकू सायेब, उकळी फुटी जाई तेले!”
हिलाल भदाणे.
ड्रायव्हर पोरगा सीटवरच थिजलेला;
त्याला बखोटीला धरून उतरवलं, दाराबाहेर काढलं.
मग बूट चढवले, चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे,
सगळं इतकं सावकाश
की मला शिवी द्यावीशी वाटली.

मी वाळूची बादली घेऊन थेट ड्रमकडे धावलो,
जिथून येत होतं तिथं.
त्यानं कॉलर धरून फिरवलं मला.
“तठे नई. पहिले खालनी बाजू बांध.
वरनं मंग दखू.”

खाली म्हणजे गटाराची जाळी.
जाळीखाली नाली, नालीपुढं नाला,
नाल्यात कुणाची तरी म्हैस.

त्याचा बाप झिपरू, पांझरेच्या फडावर बारेकरी.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाफ्यांत पाणी मोजून सोडलं,
पायाची नखं पिवळी पडली.
रात्री कंदील नेत नसे म्हणे,
पाट कुठं फुटला ते कानांना कळायचं.
हे हिलालनं कधीतरी डबा खाताना सांगितलेलं.
मी ऐकत होतो की नाही, आठवत नाही.

आता तो वाकून जाळीअलीकडं वाळूची मेर घालत होता,
फावड्याच्या पाठीनं थापटत,
दोन्ही टोकं चढाकडं वळवत.
पाणी, नाही, तेजाब आलं,
मेरेला टेकलं,
कडेकडेनं वाट चाचपली,
बसून राहिलं.
“पानीले वावरमां धाडतस,” तो म्हणाला,
“याले कोठेच नई धाडनं.”

मग दोघांनी ड्रम कलता केला, भोक आभाळाकडं.
कुणीतरी भुशाचं पोतं आणलं,
ते त्यानं लाथेनंच मागं सारलं. जळतो भुसा.
कोरडी वाळू पसरली, वर सोडा,
पेरल्यासारखा नाही,
ताटात मीठ घ्यावं तसा, जरा जरा.
लादी फसफसली, तापली, पुन्हा फसफसली.
साडेपाचपर्यंत लिटमसचा कागद
लाल, लाल, लालसर,
मग एकदाचा जांभळट.

अहवालाला रकाने होते.
किती सांडलं: अंदाजे साठ लिटर.
कुठवर पोचलं: जाळीच्या वीतभर अलीकडं.
साधनं: वाळू, सोडा, फावडं.
इजा: नाही.

हे शेवटचं मग खोडलं मी.
हिलाल भदाणे, उजवा अंगठा.
तो नळाखाली हात धरून पंधरा मिनिटं उभा होता
आणि मला वाटत होतं, हात धुतोय.
हातमोज्याला भोक होतं.
माझ्याच सहीनं आलेला हातमोजा,
मार्चमध्ये, स्वस्तातला.

सहाला कॅन्टीनमध्ये
ड्रायव्हर पोराच्या हातून चहा लवंडला.
फडकं शोधायला दोघं उठले.
मी कप उभा करायला गेलो.
टेबलाच्या खालच्या कडेला
आधीच एक तळहात आडवा येऊन थांबला होता,
अंगठ्याच्या चिंधीसकट.