सिबियू, शनिवार

साडेनऊच्या गाडीतून उतरलो तेव्हा
नेलूच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता,
स्मरांदाला बाथरूमला जायचं होतं,
आणि मी, त्यांची मावशी,
पिशवीत उकडलेली अंडी, पाव, चार टोमॅटो,
बहिणीनं तोरिनोहून पाठवलेल्यातले दोनशे लेई,
आणि डोक्यात यादी :
मोठा चौक, चर्च, मनोरा, राजवाडा (बाहेरूनच).

मुलांना इतिहास दाखवायचा होता.
त्यांनी पाहिलं ते
गटाराचं नक्षीदार झाकण,
ज्यावर उभं राहून नेलू पाऊण तास राजा होता.
चर्चमध्ये थंडी होती, एवढंच.
थडग्यांवरचे दगडी सरदार पाहून स्मरांदा म्हणाली,
बूट घालून झोपलेत, यांना कुणी रागावत नाही?

मग छपरं.
इथल्या छपरांना डोळे आहेत.
माळ्यावरच्या धान्याला वारा लागावा म्हणून
कुणीतरी जुन्या काळी ठेवलेल्या आडव्या फटी,
वर कौलांची जड पापणी.
"ते आपल्याकडे बघतायत."
बघू देत, मी म्हटलं, आपण काय चोरलंय?
"रात्री मिटतात?"
नाही.
"म्हणजे आईच्या म्हातारीसारखे," नेलू म्हणाला,
जिला आई रात्रभर
या कुशीवरून त्या कुशीवर वळवत असते.

मनोऱ्याच्या पायऱ्या
नेलूच्या मते शंभर,
स्मरांदाच्या मते एकशे बारा,
मला विचाराल तर एक अख्खा गुडघा.
वर गेल्यावर दोघांनी एकदमच विचारलं, इटली कुठंय?
मी डोंगरांकडे हात केला.
डोंगर दक्षिणेला होते, इटली पश्चिमेला,
पण बोट दाखवायला
काहीतरी उंच लागतं.

खाली उतरून तिळाचे कडक वेढे घेतले,
नेलूनं आधी सगळे तीळ खाल्ले.
आणि मग तो पूल,
लोखंडी, बुटका, कडेला फुलांच्या कुंड्या.
म्हणतात, पोटात एक नि ओठात एक असणारा
यावर बोलला की पूल करकरतो,
फारच मोठं खोटं असेल तर पडतो.
एक गाइड हेच सांगत होती जर्मन पाहुण्यांना,
पाहुणे हसत होते, उड्या मारत होते.

स्मरांदानं ते जाईपर्यंत वाट पाहिली.
भावाला पायऱ्यांवर बसवलं :
"तू इथंच थांब. पडला तर."
मला काही सांगितलं नाही. मी मोठी होते,
पडले असते तरी चाललं असतं.

मधोमध जाऊन तिनं कठडा धरला
आणि वर्गात हजेरी द्यावी तसं मोठ्यानं म्हणाली,
"मला आईची आठवण येत नाही."

खालून पावाची गाडी गेली.
कुंडीतलं एक फूल हललं, ते वाऱ्यानं.
ती थांबली. पुन्हा म्हणाली. या वेळी उडी मारून.

"पडला का?" नेलू पायऱ्यांवरून ओरडला.
"नाही."
"मग मी येऊ?"

ती परत आली तेव्हा तिचे कान लाल होते.
"या पुलाला काही कळत नाही, मावशी."
मी म्हटलं, जुना आहे गं,
ऐकू कमी येत असेल.
हे मी पुलाबाहेर, फरशीवर उभी राहून म्हटलं,
तरी नीट पाय रोवून.

सहाला फलाटावर फोन वाजला.
पडद्यावर बहीण, केस ओले,
मागे पिवळी भिंत, भिंतीपलीकडून कुणाची तरी हाक.
काय काय पाहिलं माझ्या पिल्लांनी?
"झाकण," नेलू म्हणाला. "डोळे. माझा बूट फाटला."
पाठवते हं पैसे, ती म्हणाली.
मी मजेत आहे. झोपही होते आता चांगली,
बाई फार प्रेमळ आहेत.

स्मरांदानं फोन माझ्या हातातून घेतला,
अगदी नाकाजवळ धरला, तिरका केला,
पडद्याच्या खालच्या कडेतून वाकून बघावं तशी बघत राहिली.
"आई," ती म्हणाली,
"तू आत्ता कशावर उभी आहेस?"