क्विक

एइलिफनं आस्लाउगच्या ओट्यावर ठेवली
मातीची एक कांडी,
तिच्याच कुरणाखालून, अकरा मीटरांवरून काढलेली.
निळसर, गार. सुरी लावली की खरवसासारखी वडी पडते.
वडीवर त्यानं किलोचं वजन ठेवलं.
हूं की चूं नाही.

मग तीच वडी वाटीत घेऊन
चमच्यानं ढवळली, गप्पा मारता मारता ढवळावी तशी,
आणि वाटी कलती केली.
ताक!
वरून पाण्याचा एक थेंब नाही.

"क्विकलैरे," तो म्हणाला.
लैरे म्हणजे चिकणमाती. मग क्विक?
"जलद," बोरिंगवरचा पोरगा म्हणाला, ट्रॉनहाइमचा.
"छे," आस्लाउग म्हणाली, "जिवंत.
वासरू पडलं की बाप गोठ्यातून ओरडायचा,
क्विक आहे, क्विक!"

माझं काम नकाशात लाल रंग भरायचं.
त्या रात्री मी शब्दाखाली खणत गेलो,
अकरा मीटरांच्याही खाली,
तर तळाशी जीव.
आपलाच. टांगणीला लागतो तो,
मुठीत धरून पळतात तो,
कुणी वेळेवर परतलं नाही की पातळ होतो तो.
एका आईची दोन लेकरं,
इतक्या लांब दिलेली
की एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

ही माती समुद्रात बसली होती.
मिठानं कणाला कण धरून ठेवला.
बर्फाचं ओझं उतरलं, जमीन वर आली,
आणि गोडं पाणी हजारो वर्षं
मीठ धूत राहिलं.
माती तशीच उभी.
मीठ संपलं तरी मिठाला जागत.
एक धक्का लागेपर्यंत.

हे मी तिला सांगितलं नाही.
एइलिफनं तिच्याच बरणीतलं चिमूटभर मीठ
वाटीत टाकलं, ढवळलं.
ताक आळलं. चमचा उभा राहिला.

आस्लाउग कितीतरी वेळ त्या चमच्याकडे बघत होती.
मग खिडकीबाहेर: गोठा, सतरा गाई,
दुधाचा ट्रक वळतो ती जागा.
"सगळ्याला मिळून," तिनं विचारलं, "किती लागेल?"

एइलिफ टोपी शोधायला लागला.
तिनं बरणीला झाकण लावलं,
हळू,
आवाज होऊ न देता.