एक लाख तीन

तळाशीलच्या रपणीची वही माझ्याकडे आली
बाबा गेले त्या साली.
खारं वारं पिऊन तिची पानं फुगलीत,
उलटताना पापडासारखी वाजतात.

यंदा मे सरता सरता सगळं वजा घातलं:
जाळ्याची दुरुस्ती, दोर, होडीचा वाटा,
देवाचा नारळ, चहाची उधारी.
रेघेखाली उरले एक लाख तीन.

वाटेकरी तेवीस.
प्रत्येकी चार हजार तीनशे सत्तेचाळीस,
वर बावीस शिल्लक.
एकच रुपया कमी.

जनू तांडेल हसला,
"माजो एक रुपयो घाल गो चेडवा, आणि मोकळी हो."
मागनं कुणीतरी बोललं,
"बावीसच धरा. विठू कोयंडे गेलो,
त्येचो वाटो कित्या?"
रुक्मा कोयंडे सुरूच्या सावलीत बसली होती,
वाळूत बोट ओढत.
मी बावीस धरले. तेरा उरले.
"उद्या सांगते," म्हटलं, आणि वही मिटली.

रात्री कंदिलाशी बसले. वीज गेलेली.
तीनानं जाईना: अंकांची बेरीज चार.
सातानं एक उरला. अकरानं दोन.
तेरानं सात, सतरानं नऊ.
मग हट्टाला पेटले.

रपणीला दोन दोर असतात.
एक ह्या अंगाला ओढतात, एक त्या,
एक हाती आला की दुसरा कुठे ते कळतं.
भाग जाणाऱ्या आकड्यांचंही तसंच, जोडीनं येतात,
आणि जोडीतला धाकटा
तीनशे सोळाच्या अलीकडेच कुठेतरी असावा लागतो.
तिथवर मूळ संख्या पासष्ट.
पासष्ट वेळा जाळं टाकलं.
शेवटचा तीनशे तेरा: एकशे छपन्न उरले.
जाळं रिकामं.

बाहेर ओहोटी लागली होती.
लांबवर एकटा खडक उघडा पडला होता,
ज्याला आम्ही नाव ठेवलेलं नाही.
ह्याच्या मागचा सोबती बारा घरं मागे,
पुढचा सोळा घरं पुढे,
मधे सगळे भाग जाणारे, सोयीचे आकडे.

हे पैसे वाटायचे तर दोनच रीती:
एकट्यानं सगळे उचलावेत,
नाहीतर एक लाख तीन माणसं बोलवावीत वाळूवर
आणि हरेकाच्या हातावर एकेक रुपया ठेवावा.
इतकी माणसं आमच्या पट्टीवर
कधी उभी राहिलेली नाहीत.

पहाटे हसू आलं.
आकडा कुणाच्याच बाजूनं नव्हता,
बावीसांच्या नाही, तेवीसांच्याही नाही.
मग ठरवायचं ते आपणच.

जनूचा रुपया घेतला. नाणं ओलं होतं.
रुक्माच्या हातावर चार हजार तीनशे अठ्ठेचाळीस मोजले,
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत.
कुणी काही बोललं नाही.

वहीत शाईनं लिहिलंय एक लाख चार.
समासात पेन्सिलीनं, बारीक, एक लाख तीन.
पुढे ही वही ज्याच्या हाती जाईल
त्याला वाटेल, बाईची बेरीज चुकली होती.