एक मिनिट बारा सेकंद

फळ्यावर तीन चौकोन काढले :
समतोल, बिघाड, पुन्हा समतोल.
मग व्हिडिओ लावला.
वर्सोव्याचा धक्का, पिवळ्या साडीतली नायिका,
नांगराच्या दोराशी चाळा करणारा नायक,
आणि त्याचा चुलता,
जो खलनायक आहे हे मिशाच सांगतात.

पोरं भराभर चौकोन भरू लागली.
हा मदतनीस, सर. ही पाठवणारी.
ड्रोन म्हणजे सर्वज्ञ निवेदक.
मी खूश. तासाला अजून वीस मिनिटं होती.

मागच्या बाकावरून उर्मी भानजी म्हणाली,
एक बाराला थांबवा.

थांबवलं.
नायक-नायिकेच्या खांद्यांमधल्या फटीतून
एक बाई चाललीय, डोक्यावर बर्फाची पाटी.

माझी आते.
शूटिंगवाले ओरडत होते, थांब, थांब म्हणून.
बर्फ थांबतो का, सर?

सगळे हसले. मीही.
खडू मात्र हातात तसाच.
नायकाला पोरगी हवी, चुलत्याला होडी,
त्यांना अख्खं कडवं पुरतं, वर स्लो मोशन.
हिला कोळंबीपर्यंत पोचायचंय
पाणी व्हायच्या आत.
साडेतीन मिनिटांच्या गाण्यात
खरी घाई हिला एकटीलाच,
आणि संकलकानं तिला दोन सेकंद दिले,
तेही बहुधा नजरचुकीनं.

चौथा चौकोन काढायला गेलो,
फळ्यावर जागा नव्हती.

उगाच मागे नेलं.
ती उलट्या पावली धक्क्याकडे निघाली,
मानेवरचे ओघळ
केसांतून वर चढत
पाटीत शिरले.

बघा, उर्मी म्हणाली,
पुन्हा समतोल.