जावळ

प्राइस गावात, युटाच्या कोळशाच्या पट्ट्यात,
व्हर्ल जॉर्गेनसनच्या दुकानात
रबराचा वास असा दाटून बसलेला असतो
की घरी आलो की कुमुद म्हणते, आधी अंघोळ.

आज ती स्वतःच आलीय.
बाहेर ट्रेलरवर आमची गाडी:
दोन सीट, छप्पर, दारांच्या जागी जाळी,
आमच्याआधी दोन मालक, रंग एकेकाळी लाल.
टायर इतके गुळगुळीत
की त्यांवर पोळी लाटावी.

खिशात आठशे डॉलर.
त्यात टायर, जमली तर नवी रिमं,
आणि व्हर्लची मजुरी, जी तो दर वेळी
टोपी मागे सारून, छताकडे बघून ठरवतो.

मला तीस इंची हवेत.
कॅटलॉगात ते असे चढलेत
जणू खडकच बाजूला सरकून बसला.
व्हर्ल म्हणतो, इंजिन लहान आहे.
तीस लावलेस तर पहिल्याच चढाला पट्टा जळेल,
धूर निघेल, आणि मग मला फोन करशील.
सत्तावीस घे.
मी म्हणतो, थोडे मोठे असू देत की.
कुमुद, मराठीत: वाढत्या अंगाचे घेतोयस?
गाडी काय जूनमध्ये सातवीत जाणारे?

मग रिमं. काळी, चकाकती, अलॉयची,
चौदा इंची, भिंतीवर टांगलेली,
दिवाळीला घासून ठेवलेल्या परातींसारखी.
मी हात फिरवला. व्हर्लने घसा खाकरला.
रिम जितकं मोठं तितकं रबर कमी.
दगड लागायचा तो रबराला लागू दे,
रिमला नको, तुझ्या पाठीला तर नकोच.
तुझी जुनी बारा इंची लोखंडी आहेत ना,
वाकली तर हातोड्याने सरळ होतात.
अलॉय वाकत नाही. तडकतं.

हे तो रिमांबद्दलच बोलत होता.
पण त्याच्या बायकोला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही
आणि मी उगाच बाहेर बघितलं.

कुमुद तोवर खाली बसलेली,
एका बाजूने, गुडघा धरून, हल्ली बसते तशी,
चष्मा कपाळावर ढकलून
टायरच्या कडेचे बारीक आकडे वाचत.
सहा पदर. आठ पदर.
तिने विचारलं,
कॅक्टसचा काटा किती पदर आत जातो?
व्हर्ल पहिल्यांदा हसला.
आठवाले घ्या, म्हणाला. जड आहेत, हात भरून येतील,
पण वीस मैल आत गेलात की फोन लागत नाही.

आणि पाचवा?
पाचवा कशाला, मी म्हटलं.
पंक्चर झाल्यावर ढकलणार कोण?
तुझी पाठ की माझा गुडघा?

त्या दरीत आम्ही आधी चालत जायचो.
पहाटे निघून, दशम्या बांधून,
तांबड्या कातळावर कुणीतरी कोरलेला
लांब शिंगांचा मेंढा बघायला.
सात वर्षं झाली.
मेंढा असेल तिथेच.

शेवटी ठरलं ते असं:
पाच टायर, सत्तावीस इंची, आठ पदरी.
रिमं जुनीच, घासून रंगवू.
पाचवं रिम व्हर्लने मागच्या ढिगातून ओढून काढलं,
भलत्याच निळ्या रंगाचं, पैसे घेतले नाहीत.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं, हवा बारा पौंड,
वाळूत दहा,
खाली रेघ मारून: वर आलात की परत भरा.
अलॉय भिंतीवरच राहिली.
निघताना मी एकदा वळून बघितलं.
ते कुमुदने बघितलं.

नव्या टायरला काळी बारीक लव असते,
साच्यातून निघतानाची, रबराचे मऊ केस.
ट्रेलरपाशी उभी राहून
ती बोटांनी ते विंचरत होती.
जावळ, म्हणाली.

मी एक केस उपटायला गेलो
तर हातावर चापट.
राहू दे. शनिवारी दगड काढतील.