तीन दिवे

सोहारच्या या घराच्या भिंती जाड,
फ्रिजपाशी आवाज गिळून टाकतात.
निरंजन रिसीव्हर घेऊन फिरतोय तासभर:
मायक्रोवेव्हवर, जिन्यात,
इस्त्रीच्या टेबलाखाली उकिडवा.
दोन दिवे. एक. पुन्हा नुसती खरखर.

मी इकडे, पाळण्याशी.
‘बोल काहीतरी’, त्याचा मेसेज. ‘हळू. उठेल ती.’

एक दोन तीन म्हटलं.
पावकी अर्ध्यात विसरले,
मग कोथिंबिरीचा भाव,
आईचा जुना फोन नंबर.
एसी घरघरत होता.
ऐकू जातच नाहीये, तर
म्हणून टाकलं:
मला इथं करमत नाही रे.

बऱ्याच वेळानं दारात आला.
हातात रिसीव्हर, तिन्ही दिवे हिरवे.
‘मिठाच्या बरणीमागे,’ म्हणाला,
‘तिथं स्वच्छ येतं.’