मंगळवारच्या गोळ्या

बिशप्स कॅसलच्या चढावरचं शेवटचं घर.
मंगळवारी दुकान बंद केलं की मी तिथे गोळ्या पोचवते:
रक्तदाबाची पांढरी, थायरॉइडची, आणि ती गुलाबी,
जिचं नाव एनिड प्रॉबर्ट मुद्दाम चुकीचं घेते.

ती चहा विचारत नाही. गरम पाणी देते, नुसतं,
झाकणाच्या मगातून. "गान्सूची खोड," म्हणते.
शहाऐंशी साली तिथल्या शाळेत शिकवायला गेली होती.
पिवळ्या मातीचे डोंगर, त्यांत कोरलेली घरं
आणि अख्ख्या पंचक्रोशीत एकच लांब नाक.

"रस्त्यात जो तो विचारायचा, जेवलीस का?
मी आपली खरं सांगायची: नाही.
की हात धरून आत!
पहिल्या रविवारी चार घरी जेवले.
चौथ्या घरी शेवया गळ्याशी आल्या
तेव्हा हेडमास्तरांची बायको कानाशी लागली:
अगं, हो म्हणायचं असतं."

मी हसले. या गावात, माझ्या पहिल्या हिवाळ्यात,
लोक विचारायचे, कशी आहेस?
आणि मी थांबून माझ्या कंबरेचं सांगायचे,
कोणता मणका तेसुद्धा.
पोस्टातला माणूस बिचारा
शिक्का हवेत धरून ऐकत राहायचा.

पगार किती, लग्न का नाही, दात खरे का,
सगळं विचारलं तिला.
पोरं हातावरची सोनेरी लव ओढून बघायची.
संडासाला दार नव्हतं,
भिंतीपलीकडून शेजारीण निवांत गव्हाचं बोलायची.
त्या गव्हाच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरत,
ट्रक वरून मळणी करत जात, ड्रायव्हर शिव्या घालत.
"दोन वर्षं मला एकटीला बसू दिलं नाही कुणी.
रडायला लागले तर बायका येऊन
बाजूला मक्याची कणसं सोलत बसायच्या.
एवढी चिडायचे मी."
मग ती बराच वेळ खिडकीबाहेर बघते,
जिथे मेंढ्या आहेत. माणूस नाही.

माझा पगार अकरा वर्षांत इथे कुणी विचारला नाही.
कधी कधी वाटतं सांगून टाकावा,
खोकल्याच्या बाटलीबरोबर, सुटे परत देताना.

एक गोष्ट ती दर मंगळवारी नव्याने सांगते.
घरमालक म्हाताऱ्या श्यूची शवपेटी
मधल्या खोलीत तयार ठेवलेली होती,
मुलांनी साठीला करून दिलेली.
आत ज्वारी, वर वाळत घातलेल्या मिरच्या.
श्यू तिच्यावर मांडी घालून शेंगा फोडायचा
आणि पाहुणा आला की बोटाच्या पेरानं ठोकायचा:
ऐका, सुरूचं लाकूड. कुठे पोकळ वाजतंय?
"पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
पुढे मीच तिच्यावर वह्या तपासायचे."

या मंगळवारी बोळात खोकी रचलेली दिसली.
शनिवारी टेलफर्डहून भाची येणार आहे, गाडी घेऊन.
तिकडच्या खोलीत एक कपाट बसतं, खुर्ची एकच.
"तिथे गोळ्या आपोआप येतात म्हणे.
तुला चढ चढायला नको."
तिनं वरच्या खोक्यावर पेरानं ठोकलं, कान लावला.
"पुठ्ठा," म्हणाली. "श्यू हसला असता."

साडेसहा झाले होते. मी दारात, कोटाची बटणं लावत,
आणि तोंडातून मराठीतच निघालं:
जेवलीस का?
"काय?"
मी इंग्रजीत सांगितलं. शब्द तेवढेच, पण उघडे पडल्यासारखे.
"हो," एनिड म्हणाली, शिकवल्याबरहुकूम.

सिंक कोरडं होतं. ओट्यावर एक ताटली नाही.
मी कोट काढून खोक्यावर ठेवला
आणि विचारलं, अंडी कुठे असतात तुझी.